गाडी लक्झरी, पाना घरचा

सेकंड-हँड जर्मन गाडी आता नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. तिचं बिल मात्र अजूनही जुन्याच रुबाबात येतं. मग थोडी कामं घरीच केली तर? एक वही, एक वर्ष आणि काळ्या झालेल्या हातांचा हा हिशेब.

तुमच्या फोनमध्येही असेल तसा एखादा स्क्रीनशॉट. नऊ-दहा वर्षं जुनी जर्मन सेदान, काळीभोर, सनरूफवाली, आतमध्ये क्रीम रंगाच्या लेदर सीट. खाली किंमत : सात लाख. होस्टेलच्या ग्रुपवर तो फोटो पडतो आणि पुढची अर्धी रात्र एकच चर्चा. ‘भावा, नव्या हॅचबॅकच्या पैशात ही येते!’ कुणीतरी ईएमआय काढतं, कुणी रीलसाठी गाणंही ठरवून टाकतं.

आमच्या घरात तो स्क्रीनशॉट खरा झाला. माझ्या मामानं तशी गाडी घेतली. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर. मामाचं लोह्यात खत-बियाणांचं दुकान आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ही गोष्ट कंपनीची नाही. ती आहे मामाची, माझी आणि एका जॅकची.

मी विष्णुपुरीला, विद्यापीठात माध्यमशास्त्र शिकते. गाड्यांमधलं मला तेव्हा एवढंच कळत होतं, की पंक्चर झालं तर फोन करायचा. आज ऑइल फिल्टरची टोपी किती घट्ट आवळायची ते मी तुम्हाला सांगू शकते. हे का आणि कसं झालं, ते ऐका. तुमच्या डोक्यात तो स्क्रीनशॉट असेल, तर खास ऐका.

किंमत उतरते, पार्ट उतरत नाही

मराठवाड्याला लक्झरी गाडीचं वेड नवं नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्यांची डिलिव्हरी झाली होती. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. देशभर बातमी झाली. मागास म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातल्या लोकांनी ठरवून केलेली ती खरेदी होती : आम्हीही आहोत, हे सांगण्यासाठी. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. मामा मात्र अजूनही ती बातमी काल वाचल्यासारखी सांगतो.

त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या अशा कितीतरी गाड्या आता दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडं आहेत. चाळीस-पन्नास लाखांची गाडी दहा वर्षांत सात-आठ लाखांवर येते आणि आपल्या आवाक्यात आल्यासारखी वाटते. इथंच फसगत आहे. गाडीची किंमत उतरली, तिच्या पार्टची नाही. ब्रेक पॅड, शॉकअॅब्सॉर्बर, हेडलाइट, सेन्सर हे सगळं अजूनही पन्नास लाखांच्या गाडीचंच आहे. ते सात लाखांच्या गाडीच्या भावात कुणी देणार नाही. म्हणजे घेताना तुम्ही हॅचबॅकचे पैसे मोजता आणि सांभाळताना मात्र सेदानचे.

मामाला हे पहिल्या सर्व्हिसिंगला कळलं. नांदेडहून संभाजीनगर काय आणि हैदराबाद काय, दोन्ही अडीचशे किलोमीटरच्या वर. दुकान एक दिवस बंद ठेवून तो गेला, रात्री परत आला. बिल ५२ हजार ४०० रुपये. तो काही बोलला नाही, हात-पाय धुऊन जेवायला बसला. मामी म्हणाली, ‘फीचे होते ना ते?’

होते. माझी मामेबहीण बी.एस्सी. नर्सिंगला आहे. तिच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या बिलात गेले. फी भरायला एका नातेवाइकाकडून हातउसने घ्यावे लागले, तेही मुदत टळल्यावर, दंडासकट. बहिणीनं मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, ‘ताई, ती गाडी विकता येईल का गं?’

बिल वाचायला शिका

पुढच्या वर्षी मामानं आधी फोनवर एस्टिमेट मागवलं. ते घेऊन तो विष्णुपुरीला आला. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. सोबत एसजीजीएसमधला, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचा एक सीनियर होता. त्यानं कागदावर रेघ मारली आणि दोन रकाने केले : वस्तू किती आणि मजुरी किती. मजुरीवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

एस्टिमेट होतं ४१ हजार ६०० रुपयांचं. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर १५,२००. एअर फिल्टर ४,२००. एसीचा, म्हणजे केबिन फिल्टर ३,४००. पुढचे ब्रेक पॅड १८,८००.

सीनियर म्हणाला, ‘यातलं एकही काम रॉकेट सायन्स नाही. केबिन फिल्टर तर दहा मिनिटांत होतो.’

मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडीची कंपनी फिल्टर किंवा ब्रेक पॅड बहुतेक वेळा स्वतः बनवत नाही. बॉश, माहले, मान, झेडएफ, टेक्स्टार अशा कंपन्या ते बनवतात आणि गाडीच्या कंपनीला पुरवतात. तोच दर्जा त्याच उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यात घेतला, तर बराच स्वस्त पडतो. फक्त आपल्या गाडीला नेमका कोणता लागतो, ते कळलं पाहिजे. त्यासाठी आरसीवरचा चेसिस नंबर असतो. हा १७ आकडे-अक्षरांचा नंबर टाकला, की पार्ट नंबर सापडतो. ‘भाऊ, अमुक गाडीचा फिल्टर द्या’ असं म्हणू नका, पार्ट नंबर सांगा. आणि अर्ध्या किमतीत ‘एकदम ओरिजिनल’ असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. नकली ब्रेक पॅडवर वाचवलेले पैसे कुणाच्याच उपयोगाला येत नाहीत.

ऑइलचंही तसंच. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलंय म्हणून कुठलंही चालत नाही. प्रत्येक जर्मन कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक असतो : मर्सिडीजचा एमबी २२९.५१, बीएमडब्ल्यूचा लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीचा ५०७ ००, असे. आपल्या इंजिनाला कोणता लागतो ते हँडबुकात असतं आणि तो क्रमांक डब्याच्या मागं छापलेला असतो. तो नसेल, तर डबा कितीही महाग असो, आपल्यासाठी नाही.

मामानं खिशातून दुकानाची लाल वही काढली. उधारीची असते ना, तशी. पहिल्या पानावर लिहिलं : गाडी. आणि मला म्हणाला, ‘तू लिहायचं शिकायलीस ना? मग हे बी लिही.’

चौकातले लोक आणि मामाचा इगो

केबिन फिल्टर मी बदलला. खरंच दहा मिनिटं लागली. डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि जुना फिल्टर बाहेर आला : लाल माती, वाळकी पानं, एक मेलेली मधमाशी. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ बघता हा फिल्टर वर्षभर तरी कसा टिकावा? मामा म्हणत होता, एसी कमजोर झालाय, गॅस भरावा लागेल. फिल्टर बदलला आणि हवा पहिल्यासारखी लागायला लागली. गॅस भरायची गरजच नव्हती.

एअर फिल्टरही असाच. चार-पाच स्क्रू काढले, जुना काढला, खोकं आतून पुसलं, नवा बसवला.

ऑइलला मात्र अंगणात गाडी लावून बसावं लागलं, आणि लोह्यात अंगण म्हणजे रस्ताच. येणारा-जाणारा थांबायचा. ‘मामा, एवढी भारी गाडी अन् सोताच खाली शिरायलाव? दुकान बसलं काय?’ हसत बोलायचे, पण लागायचं. मामा आधी उत्तर द्यायचा, नंतर देईना. तिसऱ्या माणसानंतर मला म्हणाला, ‘चल, रात्री करू. लाइट लावून.’

मला ते पटलं नाही. आपल्याकडं भारी गाडी घेतो ती दिसावी म्हणूनच, आणि हात काळे करतो ते मात्र लपून. तुमच्या बाबतीतही असंच होईल. बाईकची चेन होस्टेलच्या पार्किंगमध्ये साफ करत बसलात, तर कुणीतरी विचारेलच, ‘पैसे नाहीत का रे?’ एकदा सरळ सांगून टाका, ‘नाहीत.’ पुढचा प्रश्न येत नाही.

आम्ही दिवसाच केलं. पण त्या दिवशी एक चूक केली, आणि हा लेख मी मुख्यतः त्या चुकीसाठी लिहिते आहे.

मामीचा चहा

आमच्याकडं होता गाडीसोबत आलेला जॅक. बस. मामीच्या अंगणात मुरूम टाकलेला, आदल्या रात्री पाऊस झालेला. वरून सुकलेलं दिसत होतं. आम्ही जॅक लावला, गाडी उचलली, खाली गोणपाट अंथरलं. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं होतं. मी आडवी होऊन खांद्यापर्यंत आत गेले होते. दोन स्क्रू निघाले, तिसरा निघेना.

घरातून मामीनं हाक मारली, ‘चहा झाला, गार होतो.’ मी वैतागले, पण बाहेर आले. चप्पल शोधत होते, तेवढ्यात मागं आवाज झाला. मोठा नाही. धप्प, एवढाच. जॅकचा पाय मुरमात रुतला होता आणि गाडी कलून खाली बसली होती. माझं डोकं जिथं होतं, त्या जागी गोणपाट दबलेलं होतं.

दीड टनाची गाडी. कुणी ओरडलं नाही. मामा खाली बसला, गोणपाटाचं टोक धरून ओढत राहिला, निघत नव्हतं. मामी बाहेर आली, तिनं बघितलं आणि कप खाली ठेवले. म्हणाली, ‘हे बंद. गाडी इका, न्हाईतर माणसावानी करा.’

माणसासारखं करायचं म्हणजे कसं, ते आम्हाला सीनियरनं नंतर शिकवलं. तुम्ही दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका :

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. उचलल्यावर गाडी जॅक-स्टँडवर टेकवायची, आणि मगच खाली जायचं. खाली सिमेंटची सपाट जमीन हवी. माती, मुरूम, डांबर, उतार नको. उचलायच्या आधी हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवायची, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ओट लावायचे. जॅक हँडबुकात दाखवलेल्या जागीच लावायचा. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हातानं हलवून बघायचं. आणि एकट्यानं कधीही करायचं नाही.

याहून सोपा मार्गही आहे. बऱ्याच जर्मन गाड्यांमध्ये ऑइल फिल्टर इंजिनाच्या वरच्या बाजूला असतो. जुनं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून हातपंपानं वर ओढून काढता येतं. गाडीखाली जायचंच नाही. मामा आता हेच करतो.

दुसऱ्यांदा, नीट

आम्ही सामान आणलं. ट्रॉली जॅक, दोन स्टँड, सॉकेट सेट, टॉर्क पाना, हातपंप, ओबीडी स्कॅनर, गॉगल आणि हातमोजे. सगळे मिळून ११ हजार ५०० रुपये. जागा बदलली : दुकानाच्या मागचं सिमेंटचं गोदाम.

टॉर्क पाना म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘कट्’ असा आवाज करून सांगणारा पाना. आपल्याकडं पद्धत अशी, की नटावर पाय देऊन आवळायचं. त्यानं आटे जातात, बोल्ट ताणला जातो. बऱ्याच गाड्यांत फिल्टरच्या टोपीवरच २५ न्यूटन-मीटर असा आकडा कोरलेला असतो. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या चाकाच्या बोल्टला १२० लागतात. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा, तो बघायचा आणि तेवढंच आवळायचं. टोपीसोबतचं जुनं रबरी रिंगण काढून नवं घालायचं. ऑइल एकदम पूर्ण ओतायचं नाही. थोडं कमी टाकायचं, इंजिन मिनिटभर चालवायचं, बंद करून थांबायचं, पातळी बघायची, मग उरलेलं. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते.

ब्रेक पॅडचं काम आम्ही सीनियरला शेजारी बसवूनच केलं. त्यानं एक गोष्ट तीनदा सांगितली : पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक पेडल दाबत राहायचं, कडक लागेपर्यंत. नाहीतर पहिला ब्रेक थेट तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. शेजारी बसून सांगणारं कुणी नसेल, तर ब्रेक हे तुमचं पहिलं काम असू देऊ नका.

सगळ्या वस्तूंचा खर्च वहीत लिहिला. ऑइल आणि ऑइल फिल्टर ६,९००, एअर फिल्टर १,६००, केबिन फिल्टर १,१००, ब्रेक पॅड सेन्सरसकट ८,४००. एकूण १८ हजार. एस्टिमेट होतं ४१,६००. फरक २३ हजार ६०० रुपये. त्यातून सामानाचे साडेअकरा हजार वजा केले, तर पहिल्याच वर्षी १२ हजार १०० उरले. सामान पुढच्या वर्षीही आहेच.

दिवा लागला म्हणजे संपलं असं नाही

मध्ये एकदा डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मामाचा चेहरा पडला. लक्झरी गाडीवाल्यांना या दिव्याची भीती वाटते, कारण त्यामागं किती हजार आहेत ते कळत नाही.

पण तुम्हाला ते निम्मं तरी कळू शकतं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं झालं, पुढं जगभर पसरलं. साधा स्कॅनर त्यात लावला, की फोनवर कोड दिसतो. आमचा कोड होता पी०१२८, म्हणजे इंजिन हवं तेवढं गरम होत नाही. इंटरनेटवर सगळे म्हणत होते, थर्मोस्टॅट बदला. आम्ही मागवणारच होतो. सीनियर म्हणाला, ‘आधी कूलंट बघा.’ कूलंट कमी होतं. का कमी, ते शोधलं, तर एका पाइपची क्लिप सैल झालेली.

कोड म्हणजे रोगाचं नाव नव्हे, ते लक्षण असतं. ताप आला एवढंच तो सांगतो. का आला, ते आपल्याला शोधावं लागतं. आणि कूलंटची टोपी इंजिन गरम असताना कधीही उघडायची नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, थेट तोंडावर येतं.

दिवा लाल असेल, विशेषतः ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा, तर मात्र स्कॅनर वगैरे काही नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

हा आपला हक्कही आहे

तुम्हाला वाटेल, हे सगळं जुगाड आहे. तसं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न देणं. बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं, एवढ्याच कारणावरून वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. पण मुद्दा नोंदला गेला : गाडी विकत घेतली म्हणजे ती दुरुस्त करायचं स्वातंत्र्यही घेतलं.

डिसेंबर २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग त्यात आहेत. तुमच्या बाईकपासून फोनपर्यंत हे सगळं तिथं येतं. तरी गाडी वॉरंटीत असेपर्यंत घरी प्रयोग करू नका, असंच मी सांगेन. भांडण जिंकण्यापेक्षा ते टाळणं स्वस्त पडतं.

वहीच्या शेवटच्या पानावरून : काय घरी, काय नाही

*घरी करा :* केबिन आणि एअर फिल्टर. वायपर. बल्ब, जिथं हात पोचतो तिथं. टायरमधली हवा, थंड असताना. कूलंट आणि ऑइलची पातळी महिन्यातून एकदा. ओबीडी कोड वाचणं.

*शिकवणारं कुणी शेजारी असेल तर :* इंजिन ऑइल आणि फिल्टर. पुढचे ब्रेक पॅड. बॅटरी, पण सावध राहा. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाड्यांना एजीएमसारखी खास बॅटरी लागते आणि काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकावर करावी लागते.

*हात लावू नका :* एअरबॅग आणि त्याच्या पिवळ्या वायरी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. टायमिंग चेन किंवा बेल्ट. डिझेलचे इंजेक्टर आणि त्यांचे पाइप, तिथला दाब कातडी फोडून आत शिरतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड, कारण आधी संगणकावरून सर्व्हिस मोड लावावा लागतो.

*जुनी गाडी घ्यायच्या आधी :* सर्व्हिसचा जुना इतिहास मागा. स्वतःचा स्कॅनर लावून बघा. आणि नोंदणीची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. जाहिरातीत ‘मस्त कंडिशन’ लिहिलेलं असतं, हे नसतं.

काढलेलं ऑइल कुठं गेलं?

हे कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. आमच्याकडं सहा लिटर काळंकुट्ट ऑइल उरलं. शेजारच्यानं सल्ला दिला, नालीत सोडा. नाली ओढ्याला मिळते, ओढा नदीला. आणि विष्णुपुरीच्या शंकर सागर जलाशयातलं गोदावरीचं पाणी नांदेड पितं. माझ्या होस्टेलच्या नळालाही तेच येतं.

वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. जुन्याच डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. आम्ही तेच केलं. घरी काम करायचं, तर घाणही आपलीच.

शेवटचा हिशेब

आता खरं सांगायची वेळ. ऑइल बदलल्यावर आठ महिन्यांनी गिअरबॉक्स झटके द्यायला लागला. ते आमच्या हातचं नव्हतंच. त्याचं ऑइल भरताना तापमान संगणकावर बघत भरावं लागतं. मामा जर्मन गाड्यांचंच काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये गेला. बिल ३४ हजार.

म्हणजे वाचवलेलं सगळं गेलं? गेलं. वर पदरचेही गेले. लक्झरी गाडी स्वस्तात सांभाळता येते असं जर तुम्हाला कुणी सांगितलं, तर तो तुम्हाला गाडी विकतोय असं समजा.

पण या वेळी एक फरक होता. वाचलेले १२ हजार १०० मामानं दुकानातल्या एका डब्यात ठेवले होते, आणि दर महिन्याला त्यात दोन हजार टाकत होता. आठ महिन्यांचे सोळा. डब्यात २८ हजार १०० निघाले. वरचे ५ हजार ९०० गल्ल्यातून. बहिणीच्या फीच्या पैशाला हात लागला नाही. तिची तिसऱ्या वर्षाची फी वेळेत भरली गेली, दंड नाही, हातउसने नाहीत. घरी पाना फिरवून गाडी स्वस्त झाली नाही. रोजची कामं स्वस्त झाली आणि मोठ्या कामाला पैसे उरले, एवढंच. आमच्या घरात एवढंच हवं होतं.

मागच्या रविवारी मी मामाला विचारलं, ‘पुन्हा घेशील का अशी गाडी?’ तो बोनेट पुसत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘घीन की. पण आधी वही घीन, मग स्टँड, अन् मग गाडी.’

तर तुमच्याकडं लक्झरी गाडी नसेल. माझ्याकडंही नाही, माझ्याकडं दहा वर्षं जुनी स्कूटी आहे. पण वही दहा रुपयांना मिळते. या रविवारी तुमच्याकडं जी काही गाडी आहे, तिचं हँडबुक शोधा. डिकीत नाहीतर सीटखाली असतं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. पहिल्या पानावर तारीख घाला आणि टायरमधली हवा लिहा. तो स्क्रीनशॉट मात्र अजून डिलीट करू नका. त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात पार्टच्या किमती लिहा, आणि मग ग्रुपवर टाका.

(लेखिका माध्यमशास्त्राची विद्यार्थिनी असून या पुरवणीत इंटर्न आहे.)